स्विच चालू, बोर्ड लाल: एसएनएमपीच्या खोट्या, उशिरा आणि हरवलेल्या अलर्टचा माग

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते. "साहेब, इथं सगळं चालू आहे की, तुमच्या बोर्डावर लाल का दिसतंय?" हा बोर्ड म्हणजे शाखांतल्या स्विच, राउटर, यूपीएसवर एसएनएमपीनं (उपकरणांना त्यांची हालहवाल विचारायच्या ठरलेल्या पद्धतीनं) नजर ठेवणाऱ्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचा पडदा. मुख्य कार्यालय सांगलीत आणि शाखा तासगाव, विटा, कवठेमहांकाळ, जत अशा पसरलेल्या असल्या, की लाईट गेली-आली होण्याच्या दिवसांत हा फोन ठरलेलाच. ह्याच दुखण्याची आणखी दोन रूपं आहेत आणि ती जास्त महागात पडतात. एकात बोर्ड हिरवागार असतो आणि शाखेत काउंटर अडलेला असतो. दुसऱ्यात अलर्ट येतो खरा, पण शाखा पुन्हा सुरू झाल्यावर.

अशा वेळी सहसा तीन गोष्टी केल्या जातात: मॉनिटरिंगचा सर्व्हर रीस्टार्ट करणं, टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मुदत) वाढवून तीस सेकंद करणं, नाहीतर त्या शाखेचे अलर्ट बंद करून टाकणं. तिन्हींनी दोन दिवस शांतता मिळते आणि मग तेच पुन्हा. म्हणून आधी बोर्ड बोलतो ते कशाच्या जोरावर, ते बघू.

लाल रंगामागे काय असतं

पडद्यावर 'डाऊन' दिसतं तेव्हा सॉफ्टवेअरला एवढंच ठाऊक असतं की विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ठरलेल्या वेळात आलं नाही. उपकरण बंद पडलं, वाटेतला रेडिओ (बिनतारी लिंकचं यंत्र) गेला, उत्तर आलं पण फायरवॉलनं टाकून दिलं, कम्युनिटी स्ट्रिंग (एसएनएमपीचा साधा पासवर्ड) चुकली, किंवा उपकरणाचा सीपीयू दुसऱ्या कामात होता, ह्या सगळ्याला रंग एकच. आणि हिरवा म्हणजे शेवटचं उत्तर बरोबर आलं होतं. ते कधी आलं, हे रंग सांगत नाही.

प्रश्न विचारण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या. पिंगमध्ये आपण फक्त "आहेस का?" विचारतो, उत्तर उपकरणाचा नेटवर्क स्टॅक देतो, पोर्टं डेटा पुढे ढकलतायत की नाही ह्याच्याशी त्याचा संबंध नाही. एसएनएमपी पोलिंगमध्ये सर्व्हर दर काही मिनिटांनी यूडीपी (पोच न मागता पॅकेट पाठवायची पद्धत) पोर्ट १६१ वर ठरावीक आकडे मागतो. ट्रॅपमध्ये उलटं: उपकरण स्वतःहून पोर्ट १६२ वर खबर पाठवतं. सिसलॉगमध्ये उपकरण आपली रोजनिशी ओळीओळीने, बहुधा यूडीपी ५१४ वर, पाठवत राहतं. एसएनएमपीचं पहिलं रूप १९८८ चं, दुसऱ्याची २सी आवृत्ती १९९६ ची, आणि तिसऱ्या आवृत्तीची आज मानली जाणारी मानकं २००२ ची. आपल्याकडच्या शाखांत आजही बहुतांश २सी चालते, कुठेकुठे जुन्या यूपीएस कार्डावर पहिलीसुद्धा.

ह्यातलं काहीही पोचल्याची हमी देत नाही. पोलिंगमध्ये निदान उत्तर न आल्याचं कळतं आणि पुन्हा विचारता येतं. ट्रॅप वाटेत हरवला, तर तो निघाला होता हेही कुणाला कळत नाही.

आधी हे तीन प्रश्न

लाल दिसलं की मॉनिटरिंगच्या सर्व्हरवरूनच तपासा, आपल्या लॅपटॉपवरून नाही. लॅपटॉप वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर वेगळ्या पाडलेल्या नेटवर्कमध्ये) असतो, फायरवॉलचे नियम वेगळे असतात, आणि "माझ्याकडून तर येतंय" ह्या वाक्यात अर्धा दिवस जातो.

पिंग लागतो का? एसएनएमपीगेट ह्या आज्ञेनं सिसअपटाइम (उपकरण किती वेळ चालू आहे तो आकडा), म्हणजे १.३.६.१.२.१.१.३.०, मिळतो का? मिळाला तर आकडा किती?

पिंग नाही, एसएनएमपीही नाही: वाट किंवा वीज. पिंग आहे, एसएनएमपी नाही: परवानगी, आवृत्ती, पॅकेटचा आकार किंवा सीपीयू. दोन्ही आहेत पण सिसअपटाइम काही मिनिटांचाच: उपकरण मधे बंद पडून परत उठलंय. दोन्ही आहेत, सिसअपटाइमही जुना, तरी बोर्ड लाल: मग दोष मॉनिटरिंगच्या तपासणीत किंवा एखाद्या पोर्टात.

पिंग अधूनमधून चुकतो म्हणून लगेच लाईन खराब ठरवू नका. पुष्कळ राउटर स्वतःला आलेल्या पिंगला मर्यादा घालतात, पुढे जाणाऱ्या डेटाला नाही. राउटरचा पिंग दहा टक्के चुकतोय पण त्याच्या मागच्या पीसीचा पूर्ण लागतोय, तर राउटरला त्रास देऊ नका.

पिंग लागतो, एसएनएमपी गप्प

सर्वांत जास्त वेळ इथं जातो, कारण एसएनएमपीला न आवडलेल्या प्रश्नावर गप्प बसायची सवय आहे. २सी मध्ये कम्युनिटी स्ट्रिंग चुकली तर "पासवर्ड चुकला" असं उत्तर येत नाही. एजंट (उपकरणातला एसएनएमपीचा प्रोग्राम) पॅकेट टाकून देतो. तुमच्या बाजूला दिसतो फक्त टाइमआउट. फार तर, सेटिंग चालू असेल तर, उपकरण 'ऑथेंटिकेशन फेल्युअर'चा ट्रॅप पाठवतं, म्हणजे तक्रार दुसऱ्याच दारानं येते. तो ट्रॅप लॉगमध्ये शोधा. पाच मिनिटांचं काम वाचतं. कम्युनिटी लिहिताना मोठी-लहान अक्षरं वेगळी धरली जातात, आणि व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेल्या स्ट्रिंगच्या शेवटी एक जागा चिकटून येते.

स्ट्रिंग बरोबर असेल तर उपकरणावरची परवानगी यादी बघा. मॉनिटरिंगच्या सर्व्हरचा आयपी बदलला की मुख्य कार्यालयात सगळ्यांना आठवण राहते. जतच्या स्विचला कुणी कळवत नाही.

मग सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी आज्ञा) लावा, पोर्ट १६१. प्रश्न जातोय आणि काहीच येत नाही, हे एक. प्रश्न गेला १०.२०.५.१ ला आणि उत्तर आलं १७२.१६.५.१ कडून, हे दुसरं. राउटरला अनेक इंटरफेस असले तर तो उत्तरावर भलताच पत्ता लावू शकतो. मधल्या फायरवॉलला हे अनोळखी पॅकेट वाटतं आणि तो ते टाकतो. अशा वेळी पोलिंग लूपबॅकच्या (कुठल्याही एका पोर्टाला न बांधलेल्या) पत्त्यावर करा, किंवा उपकरणात एसएनएमपीचा सोर्स इंटरफेस ठरवून द्या.

तिसरा प्रकार जरा चकवा देतो. एकेक आकडा मागितला तर लगेच मिळतो, पण मॉनिटरिंगला मात्र मिळत नाही. कारण मॉनिटरिंग एकेक मागत नाही, गेटबल्कनं एका फटक्यात पंचवीस-पन्नास मागते. उत्तराचं पॅकेट मोठं होतं, व्हीपीएनच्या बोगद्यात मावत नाही, तुकडे होतात, आणि तुकडे टाकणारा एखादा राउटर वाटेत असतोच. यूडीपीमध्ये एक तुकडा गेला की सगळं उत्तर गेलं. मॅक्स-रिपिटिशन्स (एका फटक्यात मागायच्या आकड्यांची सेटिंग) दहावर आणा आणि पुन्हा बघा. तेवढ्यानं हिरवं झालं तर खरा इलाज बोगद्याच्या एमटीयूमध्ये (पॅकेटच्या कमाल आकारात) आहे, तो सावकाश करा.

चौथं कारण म्हणजे सीपीयू. स्विचमध्ये डेटा ढकलणारी चिप वेगळी आणि एसएनएमपीला उत्तर देणारा सीपीयू वेगळा. एसएनएमपीचं काम त्या सीपीयूच्या यादीत तळाला असतं. एआरपीचा (कुठला आयपी कुठल्या उपकरणाचा ह्याचा) किंवा मॅक पत्त्यांचा अख्खा तक्ता दर मिनिटाला मागितला, तर स्वस्त स्विच गुदमरतो आणि साध्या प्रश्नालाही उशीर करतो. नेट-एसएनएमपीच्या आज्ञांचा टाइमआउट मुळात १ सेकंदाचा, पुनःप्रयत्न ५. मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचे आकडे वेगळे असतात, म्हणून "कमांडनं येतं, बोर्डावर येत नाही" असं होतं. रेडिओवरच्या शाखांना ३ सेकंद आणि दोन-तीन प्रयत्न पुरतात. तीस सेकंद ठेवू नका: पोलर (सर्व्हरवरचा प्रश्न विचारणारा प्रोग्राम) त्या एका मेलेल्या उपकरणाची वाट बघत बसतो, मागची रांग तुंबते, आणि मग धडधाकट शाखाही लाल होऊ लागतात.

तिसरी आवृत्ती वापरणाऱ्यांसाठी वेगळी डोकेदुखी. तिथं चुकीच्या नावाला निदान उलट रिपोर्ट येतो, त्यामुळे शोधणं सोपं. पण दोन ठिकाणी हटकून अडतं. प्रत्येक उपकरणाचा एक इंजिन आयडी (एसएनएमपीतली त्याची वेगळी ओळख) असतो आणि पासवर्डपासून तयार होणारी किल्ली त्या आयडीला बांधलेली असते. एका स्विचची कॉन्फिगरेशन जशीच्या तशी दुसऱ्यात ओतली आणि आयडीही सोबत गेला, की दोन्ही उपकरणं एकाच नावानं बोलतात. लक्षण ओळखीचं आहे: एक हिरवं होतं तेव्हा दुसरं लाल, थोड्या वेळानं उलट. दुसरं म्हणजे वेळेची खिडकी. संदेश १५० सेकंदांपेक्षा जुना वाटला तर तो नाकारला जातो, आणि त्या हिशोबात उपकरण किती वेळा बूट झालं हाही आकडा असतो. लाईट गेल्यावर हा आकडा जपून न ठेवणारं उपकरण परत उठलं की सर्व्हरला ते जुने संदेश उकरून पाठवतंय असं वाटतं. 'नॉट इन टाइम विंडो' दिसलं की पासवर्ड बदलत बसू नका, पोलरमध्ये साठलेली त्या उपकरणाची माहिती पुसा.

जाता जाता प्रिंटर. विंडोजमध्ये नेटवर्क प्रिंटर 'ऑफलाइन' दिसतो, पिंग लागतो, प्रिंटर समोर चालू आहे. बरेचदा टीसीपी/आयपी पोर्टच्या सेटिंगमध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची खूण असते आणि प्रिंटरमध्ये कुणीतरी सुरक्षेसाठी कम्युनिटी बदललेली असते. विंडोज 'पब्लिक' म्हणून विचारतं, प्रिंटर गप्प, विंडोजनं ठरवलं की तो बंद आहे. खूण काढा नाहीतर कम्युनिटी बरोबर लिहा. पतसंस्थेतला कर्मचारी ह्याला "प्रिंटर रुसला" म्हणतो आणि रोज सकाळी प्रिंटर बंद-चालू करतो.

पोर्ट लाल, पण वायर तर लावलेलीच नाही

पोर्टचे दोन आकडे असतात. ॲडमिन स्टेटस म्हणजे आपण काय सांगितलंय, ऑपर स्टेटस म्हणजे प्रत्यक्षात काय आहे. १ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. ॲडमिन १ आणि ऑपर २ असेल तरच ओरडायचं. ॲडमिनच २ असेल तर ते पोर्ट आपणच बंद ठेवलंय. ऑपरचे आणखी आकडे आहेत, त्यातला ७ कामाचा: खालचा थर बंद. लॅग (अनेक पोर्टं जोडून केलेली एक लिंक) किंवा व्हीलॅनचा इंटरफेस ७ दाखवत असेल तर त्याला हात लावू नका, त्याच्या खालचं पोर्ट शोधा.

रिकाम्या पोर्टांवर ॲडमिन १ ठेवून सगळ्यांवर अलर्ट लावला, की अकाउंटंटनं लॅपटॉप उचलून नेला तरी अलर्ट. अपलिंक, सर्व्हर, रेडिओ, यूपीएस एवढ्याच पोर्टांवर लावा.

रीस्टार्टनंतर भलत्याच पोर्टाचा अलर्ट येऊ लागला तर इफइंडेक्स बघा. पोर्टांना मिळणारा हा क्रमांक काही उपकरणांत बूट झाल्यावर बदलतो. काल १२ म्हणजे विट्याची लिंक होती, आज १२ म्हणजे कोपऱ्यातला कॅमेरा. उपकरणात इफइंडेक्स टिकवून ठेवायची सोय असेल तर चालू करा, नसेल तर मॉनिटरिंगला क्रमांकाऐवजी इंटरफेसच्या नावावरून जुळवायला सांगा.

बोर्ड हिरवा, काम बंद

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतलं एक बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज. तक्रार अशी की वजनकाट्याचा पीसी मधेच सर्व्हरपासून तुटतो, मिनिटभरानं जोडला जातो. बोर्डावर महिनाभर सगळं हिरवं. पोलिंग दर पाच मिनिटांनी होतं आणि एकही पोल चुकला नव्हता.

सिसअपटाइमचा आलेख काढला तेव्हा चित्र दिसलं. पहाटे ३:०५ ला स्विच ११ दिवस ४ तास चालू. ३:१० ला तोच स्विच २ मिनिटं १८ सेकंद चालू. पुढे दुपारी पुन्हा तसंच. म्हणजे स्विच दोन पोलच्या मधल्या फटीत पडून उठत होता. बंद पडून पुन्हा बोलू लागायला त्याला पाऊण मिनिट लागायचं, आणि पाच मिनिटांच्या जाळ्यातून पाऊण मिनिटाचा मासा सहज निसटतो.

वेळा कॉम्प्रेसरच्या नोंदवहीशी ताडून पाहिल्या. मोठी मोटर थेट स्टार्टरनं सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, व्होल्टेज क्षणभर बसतं. पीसी यूपीएसवर होते, त्यांना काही कळलं नाही. स्विच आणि रेडिओचा पीओई इंजेक्टर (नेटवर्कच्या वायरीतूनच वीज देणारा डबा) मात्र पॅनेल रूममधल्या साध्या सॉकेटवर. दोन्ही यूपीएसवर घेतले आणि विषय संपला. स्विच बदलायचं कोटेशन तोवर येऊन पडलं होतं, हे वेगळं.

म्हणून माझा आग्रह असतो की प्रत्येक उपकरणावर पहिला अलर्ट डाऊनचा नको, सिसअपटाइमचा हवा. अट अशी ठेवा की सिसअपटाइम पोलिंगच्या अंतराच्या दुपटीपेक्षा कमी असला तर 'रीबूट झालं' असं कळवा. पाच मिनिटांच्या पोलिंगला दहा मिनिटं. मग एखादा पोल हुकला तरी रीबूट सुटत नाही.

ह्या अलर्टची एक खोड आहे. सिसअपटाइम सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजला जातो आणि ३२ बिटांच्या खान्यात ठेवला जातो. खाना ४९७ दिवसांनी भरतो आणि आकडा शून्यावर येतो. चांगल्या यूपीएसवर दीड वर्ष न हललेला स्विच एके दिवशी "आत्ताच उठलो" म्हणतो. एकाच वेळी चालू केलेल्या सगळ्या शाखांचे असे अलर्ट एकाच दिवशी येतात आणि धावपळ उडते. मधल्या काळात ट्रॅफिकचे काउंटर शून्यावर आले नसतील तर रीबूट झालेला नाही. एसएनएमपी इंजिन टाइम, १.३.६.१.६.३.१०.२.१.३.०, सेकंदात मोजतो, तो उपलब्ध असेल तर त्याच्याशी पडताळा.

काउंटरचंही असंच. ३२ बिटांचा बाइट काउंटर १ जीबीपीएसच्या भरलेल्या लिंकवर सुमारे ३४ सेकंदांत फिरून शून्यावर येतो, त्यामुळे पाच मिनिटांच्या पोलिंगवर काढलेला आलेख निव्वळ कल्पनाविलास असतो. ६४ बिटांचे एचसी काउंटर घ्या. पहिल्या आवृत्तीत ते मिळतच नाहीत.

अलर्ट आलाच नाही, किंवा सकाळी आला

ट्रॅप चालू केले म्हणजे लगेच कळेल, ह्या भरवशावर पोलिंग अर्ध्या तासावर नेलेलं मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. करू नका.

अपलिंकचं पोर्ट बंद पडलं की स्विच लिंकडाऊनचा ट्रॅप तयार करतो आणि तो पाठवायची वाट असते तीच अपलिंक. वीज गेली तर ट्रॅप पाठवायलाही वीज नसते. परत आली की स्विच उठून कोल्डस्टार्टचा ट्रॅप सोडतो, पण जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीमध्ये (स्विचांमध्ये डेटा गोल फिरू न देणाऱ्या व्यवस्थेत) अपलिंक पोर्ट १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवतं. त्या तीस सेकंदांत सुटलेला ट्रॅप पोर्टाच्या दारातच मरतो. नवी रॅपिड स्पॅनिंग ट्री चालू केली तर हा वेळ बराच घटतो.

उपकरण देत असेल तर ट्रॅपऐवजी इन्फॉर्म वापरा. ते २सी पासून आहे. सर्व्हरकडून पोच येईपर्यंत उपकरण ठरलेल्या वेळा पुन्हा पाठवतं. थोडी मेमरी जास्त लागते, एवढंच.

ट्रॅप पोचतो पण कोणत्या उपकरणाचा ते बोर्डाला कळत नाही, असंही होतं. शाखेच्या राउटरवर नॅट (आतले पत्ते बदलून राउटरचा पत्ता लावणं) असेल तर सगळे ट्रॅप राउटरच्याच पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात आणि बोर्ड ते अनोळखी म्हणून बाजूला टाकतो. बोगद्यातून जाणाऱ्या मॉनिटरिंगच्या डेटाला नॅटमधून वगळा. कच्चा ट्रॅप वाचणाऱ्यांना एक सूचना: पहिल्या आवृत्तीत लिंकडाऊनचा जेनेरिक क्रमांक २ आणि लिंकअपचा ३, दुसऱ्या आवृत्तीतल्या ओआयडीच्या (ठिपक्यांच्या लांब क्रमांकाच्या) शेवटी मात्र लिंकडाऊनला ३ आणि लिंकअपला ४. हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये ह्या एकाच्या फरकानं पडलेली लिंक 'चालू' म्हणून नोंदली जाते.

विजेची खबर स्विचकडून अपेक्षित ठेवू नका, यूपीएसकडून घ्या. यूपीएसची प्रमाण एमआयबी (विचारता येणाऱ्या आकड्यांची यादी) आरएफसी १६२८ ह्या मानकात १९९४ पासून आहे. तिच्यात बॅटरीवर गेल्याचा ट्रॅप एकदाच नाही, बॅटरीवर असेपर्यंत दर मिनिटाला पुन्हा सुटतो. त्यामुळे एखाद-दुसरा हरवला तरी चालतो. पोल करायचं तर आउटपुट सोर्स बघा: ३ म्हणजे नेहमीची वीज, ५ म्हणजे बॅटरी. त्यासोबत उरलेली मिनिटंही. नेटवर्क कार्ड नसलेला यूपीएस घेऊन पैसे वाचवणं शाखेला परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

फायबरवरच्या शाखेत ओएनटीकडे (शाखेतल्या फायबरच्या डब्याकडे) आणखी एक युक्ती असते. वीज गेली की आत साठलेल्या चिमूटभर चार्जवर ते 'डाइंग गॅस्प' नावाचा शेवटचा निरोप सेवा पुरवठादाराच्या ओएलटीला (त्याच्या टोकाच्या उपकरणाला) देतं. म्हणून पुरवठादाराला विचारा की निरोप आला होता का. आला असेल तर वीज, नसेल तर बहुधा फायबर. शाखेतल्या माणसाला फोनवर विचारायचं झालं तर "नेट आहे का" विचारू नका, "डब्यावर लाल लाईट लुकलुकतेय का, की एकही लाईट नाही?" असं विचारा. लाल 'लॉस'चा दिवा म्हणजे डब्याला वीज आहे, प्रकाश येत नाही.

आणि सकाळी आलेला अलर्ट? तो ईमेलनं जातो, ईमेल इंटरनेटवरून जातं, आणि अलर्ट इंटरनेट गेल्याचाच असतो. मेल सर्व्हरच्या रांगेत रात्रभर पडून राहतो. मुख्य कार्यालयाच्या लाईनसाठी दुसरी वाट हवीच: जीएसएम मोडेमवरून एसएमएस, किंवा ४जी डोंगल. शिवाय बाहेर कुठेतरी, वेगळ्या गावात, एक छोटी तपासणी ठेवा, जिला आपला सर्व्हर दर पाच मिनिटांनी हजेरी देईल आणि हजेरी चुकली की ती ओरडेल. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरानंतर सांगलीत सर्व्हर वरच्या मजल्यावर नेणाऱ्यांनी मॉनिटरिंगही त्याच इमारतीत, त्याच लाईनवर ठेवलंय, हे मला कोडंच आहे.

अलर्टांचा पाऊस

तासगावचा रेडिओ गेला की त्याच्या मागची विटा शाखा, तिचे कॅमेरे, प्रिंटर, यूपीएस सगळे लाल. मूळ दोष एक, मेसेज चाळीस. मॉनिटरिंगमध्ये कोण कुणाच्या मागे आहे ते सांगा. नेजिऑस ह्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये पुढच्या उपकरणाला पेरेंट म्हणतात. पेरेंट बंद असला की मागच्यांना डाऊन न म्हणता 'अनरीचेबल' म्हणतात आणि त्यांचे अलर्ट वेगळे बंद ठेवता येतात. झॅबिक्स ह्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रिगरना (अलर्टच्या अटींना) डिपेंडन्सी देतात. हे भरायला एक दुपार लागते आणि नेमकं तेच पुढं ढकललं जातं. पेरेंट ठरवताना नकाशावरचं गाव बघू नका, डेटाची खरी वाट बघा.

एका चुकलेल्या पोलवर अलर्ट पाठवू नका. नेजिऑसमध्ये तपासणी चुकली की आधी सॉफ्ट स्थिती, ठरलेले प्रयत्न संपल्यावर हार्ड, आणि निरोप हार्डलाच जातो. तीन प्रयत्न, मधे एकेक मिनिट, हे रेडिओच्या शाखांना ठीक बसतं.

आकड्यांवरच्या अलर्टांना मात्र प्रयत्न वाढवून भागत नाही. तापमान, लिंकचा भार, यूपीएसचं व्होल्टेज हे सीमेवर डुलत राहतात आणि दर पाच मिनिटांनी 'धोका', 'ठीक', 'धोका', 'ठीक' येतं. इथं आयर्विन पुलाची पातळी डोळ्यांसमोर आणा. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही माहीत. पण पाणी ४४ फूट ११ इंचांवर आलं म्हणून माडीवर नेलेलं सामान कुणी तळमजल्यावर आणत नाही. चढतानाची रेषा आणि उतरतानाची रेषा वेगळी ठेवा. रॅकचं तापमान ३५ ला धोका असेल तर 'ठीक' ३२ ला म्हणा. झॅबिक्समध्ये ह्यासाठी रिकव्हरी एक्सप्रेशन वेगळं लिहिता येतं.

ठरलेल्या वेळी रोज लाल होणाऱ्या लिंकचा माग विजेच्या वेळापत्रकात काढा. विट्याच्या वाटेवर रिपीटर शेतातल्या खोलीवर बसवलेला असतो आणि खोलीची वीज शेतीपंपाच्या फीडरवरची. त्या फीडरला वीज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. बॅटरी पुढची पाळी यायच्या तासभर आधी संपते आणि लिंक त्या तासापुरती जाते. पाळी बदलली की तक्रारीची वेळही बदलते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. गावठाणाच्या फीडरवर जोडणी मिळत नसेल तर सोलर पॅनेल लावा. रेडिओच्या सेटिंगमध्ये ह्यावर इलाज नाही.

लॉगची वेळ

थोडक्यात सांगतो. सिसलॉगची जुनी मांडणी, आरएफसी ३१६४ मधली, वेळेत ना वर्ष लिहिते ना टाइमझोन. उपकरण यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असेल तर पहाटे ३:१० ची घटना आदल्या रात्री ९:४० ला झालेली दिसते. सगळ्या उपकरणांना एकाच एनटीपी (घड्याळ जुळवणाऱ्या) सर्व्हरला जोडा, आणि लॉग सर्व्हरवर उपकरणानं सांगितलेल्या वेळेशेजारी मिळाल्याची वेळही साठवा. तीव्रतेचे आकडे उलटे आहेत, ० म्हणजे आणीबाणी आणि ७ म्हणजे डीबग. "पाचच्या वरचे पाठव" असं म्हणताना समोरचा कोणती बाजू धरतोय ते विचारून घ्या.

तरीही लालच राहिलं तर

विक्रेत्याच्या इंजिनिअरला फोन करण्याआधी एवढं हाताशी ठेवा: मॉनिटरिंगच्या सर्व्हरवरून केलेल्या पिंगचा आणि सिसअपटाइमच्या गेटचा निकाल, त्याच वेळचा पोर्ट १६१ चा टीसीपीडम्प, एसएनएमपीची आवृत्ती, उपकरणाचं फर्मवेअर, पोलिंगचं अंतर आणि टाइमआउट, आणि शेवटच्या दोन-तीन वेळा लाल झाल्याच्या वेळा त्या भागात लाईट गेल्याच्या वेळांशेजारी लिहून. कम्युनिटी स्ट्रिंग डम्पमध्ये उघडी दिसते, कारण २सी ती साध्या अक्षरांत पाठवते. फाइल पाठवण्याआधी स्ट्रिंग बदला किंवा डम्प फक्त आपल्या समोर उघडून दाखवा.